बाकावर बसलेली प्रमाणित वजनं

वजनमापे निरीक्षक या माणसाला जगात फक्त दुकानदार घाबरतात, आणि तेसुद्धा वर्षातून एकदाच. इमारतीत सगळे त्यांना 'इन्स्पेक्टर' म्हणत. नवीन बिऱ्हाड आलं की पहिले आठ दिवस त्यांना जिन्यात दबकून नमस्कार होई. नवव्या दिवशी कुणीतरी सांगे, "पोलिसातले नाहीत हो, तराजू तपासतात." दहाव्या दिवसापासून नमस्कार बंद. हे निरीक्षकांच्या मनाला लागत असे, पण बोलून दाखवायची सोय नव्हती, कारण 'मला पूर्वीसारखं घाबरा' असं सुशिक्षित शेजाऱ्यांना सांगणार तरी कसं?

तर या निरीक्षकांची मुलगी ज्या शाळेत सातवीत होती त्या शाळेच्या फाटकावर एका सोमवारी नोटीस लागली. शाळा तशी लहानच. एकशे अठरा मुलं, पाच शिक्षक आणि त्या सगळ्यांच्या वर मोठ्या बाई. शिक्षण कार्यालयाने सगळ्या शाळांची एक सामायिक चाचणी घेतली होती. पन्नास टक्क्यांच्या खाली सरासरी आली तर शाळा बंद करायची आणि मुलं हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत पाठवायची, असा हुकूम होता. या शाळेची सरासरी आली एकेचाळीस.

संध्याकाळी जिन्यात त्यावर चर्चा झाली. वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर म्हणाले, "आकडा म्हणजे आकडा. तो कुणाची भीडभाड ठेवत नाही." दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हल्लीची मुलं मुळात नीट चावतच नाहीत, सगळी सुरुवात तिथून आहे. तळमजल्यावरचे वकील 'स्थगिती आणू' एवढंच म्हणाले. ते पाणी गेलं तरी हेच म्हणत. निरीक्षकांनी मॅनेजरांच्या बाजूने मान डोलावली. जन्मभर ज्याने मोजण्याचं खाल्लं, तो आकड्याच्या विरुद्ध कसा जाईल?

जेवताना मुलगी म्हणाली, "बाबा, त्या मोठ्या शाळेत आमच्या बाई येणार नाहीत ना?"

"नाही गं. त्यांची बदली होईल कुठेतरी."

मुलीने ताट बाजूला सारलं आणि उठून गेली. निरीक्षकांना वाईट वाटलं. पण खरा घाव पुढे होता. बायको आमटी वाढता वाढता सहज म्हणाली, "अहो, तुम्ही सगळ्या बाजारातले काटे तपासता. हिच्या शाळेला नापास करणारा हा काटा कुणी तपासला होता का?"

निरीक्षकांचा घास हातातच राहिला. बावीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न त्यांनी हजारो दुकानदारांना विचारला होता, आणि स्वतःच्या घरात तो बायकोने त्यांना विचारावा, याची त्यांना लाजही वाटली आणि बायकोचा अभिमानही वाटला. अभिमान त्यांनी नेहमीप्रमाणे बोलून दाखवला नाही.

दुसऱ्या दिवशी ते शाळेत गेले. मोठ्या बाई ठेंगण्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आणि खांद्यावर अशी पिशवी की निरीक्षकांनी धंद्याच्या सवयीने नजरेनेच तिचं वजन केलं : सहा किलो, कमीत कमी. बाईंनी हुकुमाच्या शेवटच्या पानावरचं बारीक अक्षरातलं कलम दाखवलं. शाळेला हवं असल्यास 'इतर मापांनीही गुणवत्ता सिद्ध' करता येईल, मात्र त्यावर मापनातल्या सरकारी जाणकाराची सही हवी, आणि हे सगळं पंधरा दिवसांत.

"म्हणजे मी," निरीक्षक ताठ होत म्हणाले.

"म्हणजे तुम्ही. पण एक सांगते, मला जाहिरात नको आहे. जे असेल ते मोजा. कमी भरलं तर कमी लिहा." एवढं बोलून बाई पाचवीच्या तासाला गेल्यासुद्धा.

निरीक्षकांनी आजवर पाहिलेला प्रत्येक दुकानदार मापाच्या वेळी चहा मागवायचा. चहा न मागवता 'कमी भरलं तर कमी लिहा' म्हणणारं माणूस त्यांनी प्रथमच पाहिलं. त्या क्षणी ते मनातून बाईंच्या बाजूचे झाले, आणि तसं झाल्याचं लक्षात येताच जास्तच कडक वागायचं त्यांनी ठरवलं.

ही बातमी इमारतीत पसरली आणि सल्ल्यांचा पाऊस पडला. मॅनेजर म्हणाले, गणवेशाच्या इस्त्रीपासून सुरुवात करा, शिस्त तिथे दिसते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दात मोजा. आणि त्या गंमत करत नव्हत्या. वकिलांनी प्रत्येक मापाला दोन साक्षीदार घ्यायला सांगितले. निरीक्षकांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि कार्यालयातली पेटी उचलून एकटेच शाळेत गेले. पेटीत पोलादी टेप, व्हर्नियर कॅलिपर, थांबघड्याळ आणि अंगठ्याने दाबायचा मोजणीचा काउंटर होता.

पहिलं माप वाचनालयाचं. पुस्तकं किती आहेत हे कुणीही मोजतं. निरीक्षकांनी पुस्तकांची जाडी मोजली. उघडून वाचलेलं पुस्तक कोऱ्या पुस्तकापेक्षा फुगतं, हे त्यांचं स्वतःचं निरीक्षण. त्याच आवृत्तीच्या कोऱ्या प्रती त्यांनी दुकानातून मागून आणल्या आणि एकेक जोडी कॅलिपरमध्ये धरली. शाळेची पुस्तकं सरासरी साडेतीन मिलिमीटर जास्त जाड भरली. एक समुद्री प्राण्यांचं पुस्तक तर अकरा मिलिमीटर फुगलं होतं. ते चौथीतल्या एका मुलीबरोबर हौदात पडल्याचं नंतर कळलं, म्हणून ते हिशेबातून वगळलं.

दुसरं माप प्रश्नांचं. तासाला मुलं किती प्रश्न विचारतात ते काउंटर दाबून मोजायचं. सहावीच्या वर्गात मागच्या बाकावर ते शिरले खरे, पण ते बाक अकरा वर्षांच्या देहासाठी केलेलं होतं. एकवीस प्रश्न झाले. बाविसावा प्रश्न होता, "काका, तुम्ही सारखं टकटक काय करताय?" तो मोजायचा की नाही यावर निरीक्षकांनी बराच विचार केला आणि मोजला. तास संपल्यावर त्यांना बाकातून बाहेर काढायला तीन मुलं लागली.

तिसरं माप आवाजाचं. एक मुलगी व्यासपीठावरून वाचणार आणि निरीक्षक टेप धरून मागे मागे जाणार. जिथे शब्द ऐकू येईनासा होईल तिथे खूण. चौदा मीटर वीस सेंटिमीटर भरलं. बाई शेजारून हळूच म्हणाल्या, "मागच्या वर्षी ही स्वतःचं नाव सांगताना रडायची." चौदा मीटर वीस सेंटिमीटर हे अंतर केवढं मोठं असतं, हे निरीक्षकांना त्या दिवशी कळलं.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. पण सहावीच्या मुलांना टेपची मोठी गोडी लागली. त्यांनी ती मागून घेतली, प्रयोगशाळेतल्या मीटरपट्टीला लावली, पुन्हा लावली, आपापसात कुजबूज केली, आणि मग एक चष्मिस मुलगी पुढे येऊन अतिशय नम्रपणे म्हणाली, "काका, तुमची टेप दोन मिलिमीटर चुकतेय."

निरीक्षकांचे कान तापले. सरकारी टेप! त्यांनी स्वतः मीटरपट्टी लावून पाहिली. टेपच्या टोकाचा पत्र्याचा आकडा वाकला होता. ज्या चुकीसाठी त्यांनी गेल्याच महिन्यात एका कापडवाल्याला फैलावर घेतलं होतं, नेमकी तीच चूक. हे अहवालात लिहायचं का? कुणाला कळलं असतं? वर्गातली चाळीस डोळ्यांची फौज त्यांच्याकडे बघत होती. 'विद्यार्थ्यांनी निरीक्षकाच्या उपकरणातील दोष पकडला,' असं त्यांनी लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं, पण लिहिलं.

अहवाल घेऊन ते शिक्षण कार्यालयात गेले. खिडकीतल्या कारकुनाने पानं उलटून फॉर्मच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे एक छोटा चौकोन होता : एकूण गुण, शंभरपैकी.

"हे सगळं शेकड्यात आणा आणि बेरीज करून इथे टाका."

"अहो, हे मिलिमीटर आहेत, हे प्रश्न आहेत, हे मीटर. यांची बेरीज कशी होईल?"

"सगळं सेंटिमीटरमध्ये करून बघा."

"प्रश्नांचे सेंटिमीटर?"

"ते तुमचं खातं," कारकून म्हणाला. "माझ्याकडे चौकोन आहे. चौकोनात दोन आकडे मावतात."

निरीक्षक तीनदा गेले. दुसऱ्या खेपेस कारकुनाने अहवालाला पंच करताना नेमकं 'चौदा मीटर'वर भोक पाडलं. तिसऱ्या खेपेस तो म्हणाला की सामायिक चाचणी प्रमाणित आहे, बाकी सगळं हौशी. 'प्रमाणित' हा शब्द ऐकला आणि निरीक्षकांच्या डोक्यात तिडीक गेली. शिक्का कुठे आहे? तारीख कुठे आहे? कुणी, कधी, कोणत्या प्रमाणित वजनाने तपासली ही चाचणी?

प्रमाणित वजन म्हणजे काय, तर ज्याचं वजन आधीपासून पक्कं ठाऊक आहे असं वजन. ते काट्यावर ठेवायचं आणि काटा काय म्हणतो ते बघायचं. किलोच्या वजनाला काटा आठशे ग्रॅम म्हणाला, तर दोष वजनाचा नसतो. हाच न्याय चाचणीला लावायचा तर ज्यांची बुद्धी निर्विवाद आहे अशी माणसं हवीत. निरीक्षकांनी इमारतीकडे पाहिलं. तिथे प्रत्येकाची बुद्धी निर्विवाद होती, निदान त्याच्या स्वतःच्या मते तरी.

मॅनेजर लगेच तयार झाले. "सातवीचा पेपर? पंधरा मिनिटांत देतो." रविवारी सकाळी मॅनेजर, डॉक्टरीणबाई, वकील आणि स्वतः निरीक्षक अशी चार प्रमाणित वजनं सातवीच्या वर्गात बाकांवर बसली. बाईंनी पेपर वाटले आणि एका तासाची घंटा दिली. दहा मिनिटांत मॅनेजरांनी पाणी मागितलं. वीस मिनिटांनी वकिलांनी एका प्रश्नाच्या भाषेवर लेखी हरकत घेतली. डॉक्टरीणबाई निरीक्षकांच्या पेपरात बघत होत्या. तासाभराने पेपर गोळा झाले तेव्हा चौघांच्याही कपाळाला घाम होता.

बाईंनी कार्यालयाच्या उत्तरसूचीप्रमाणे, कानामात्रा न बदलता पेपर तपासले. पन्नासपैकी मॅनेजर तेवीस, डॉक्टरीणबाई सतरा, वकील अकरा. निरीक्षक एकोणीस. म्हणजे सरासरी पस्तीस टक्के. मुलांपेक्षा सहाने कमी.

वर्गात एकच गलका झाला. मॅनेजरांनी हौदाचं गणित बरोबर सोडवलं होतं, पण सूचीतल्या रीतीने नाही, म्हणून शून्य. "अहो, उत्तर तर तेच आहे! मला फळ्यावर करून दाखवू द्या!" डॉक्टरीणबाईंनी पाण्याच्या उपयोगांत 'चूळ भरणे' लिहिलं होतं, सूचीत चूळ नव्हती. "मला तोंडी विचारा ना, मी तासभर बोलेन पाण्यावर!" वकिलांनी 'चूक की बरोबर'च्या सगळ्या प्रश्नांना 'परिस्थितीवर अवलंबून' असं उत्तर दिलं होतं. "एका तासावरून माणसाची पारख होते का? माझं वर्षभराचं काम बघा!" ते टेबलावर हात आपटून म्हणाले.

"हेच मीही म्हणतेय," बाई शांतपणे म्हणाल्या. मॅनेजर खाली बघत म्हणाले, "बाई, मी जिन्यात काहीतरी बोललो होतो. ते मागे घेतो." बँकेत त्यांनी कधी काही मागे घेतल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

निरीक्षकांचं दुःख वेगळंच होतं. पेपरात एक गणित होतं : एक दुकानदार किलोच्या जागी साडेनऊशे ग्रॅमचं वजन वापरतो, तर त्याला शेकडा नफा किती? हे वाचून त्यांचं रक्त खवळलं होतं. त्यांनी नफा काढलाच नव्हता. वजन कसं जप्त करावं, पंचनामा कसा करावा, दुकानदाराला कोणती नोटीस द्यावी, हे दीड पान लिहिलं होतं, आणि उरलेल्या प्रश्नांना वेळच उरला नव्हता. घरी मुलीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तिला स्वतःला चोवीस होते. "बाबा, नाराज नको होऊ. पुढच्या वेळी प्रश्न नीट वाच."

बायकोने पेपर उलटून पाहिला. मागे लाल शाईत बाईंच्या बारीक अक्षरात चार ओळी होत्या : 'प्रामाणिक. अन्याय दिसला की प्रश्न काय होता ते विसरतात. आपलंच खरं असं वाटतं, पण मोजून दाखवलं तर ऐकतात. घरच्यांचं कौतुक मनात ठेवतात, ते बोलावं.'

बायकोने ते दोनदा वाचलं. "एवढी वर्षं संसार केला, मला हे इतक्या थोडक्यात सांगता आलं नाही," ती म्हणाली. निरीक्षक लाल झाले. मग त्यांनी खरोखरच बोलायचा प्रयत्न केला. "त्या दिवशी तू काट्याचं विचारलंस ना, ते... फार बरोबर होतं." बायको हसली आणि आत गेली, पण गुणगुणत गेली.

सोमवारी ते तडक शाळेत पोचले. "बाई, चौघांच्याही पेपरांमागे लिहिलंयत. एवढ्याशा ओळखीवर माणसांबद्दल हे तुम्ही कसं लिहिलंत?"

"सवय आहे," म्हणत बाईंनी ती सहा किलोची पिशवी टेबलावर उपडी केली. आतून वह्या निघाल्या. प्रत्येक मुलाची एक. पिशवीत एका वेळी एकाच वर्गाच्या मावत. बाकीच्यांनी कपाट भरलं होतं. निरीक्षकांनी मुलीची वही उघडली. 'चाचणीत २४. भागाकार येतो, घड्याळ बघून घाबरली. दुसऱ्या दिवशी शेजारणीला तोच भागाकार तीन रीतींनी समजावला. तिसरी रीत मला ठाऊक नव्हती.' अशी पानंच्या पानं, पहिलीपासूनची. मिलिमीटर नव्हते, शेकडाही नव्हता. आपण पेटी घेऊन इतके दिवस शाळाभर हिंडलो, आणि शाळेतला सगळ्यात नाजूक काटा रोज आपल्यासमोर पाचवीच्या तासाला जात होता, हे निरीक्षकांना उमगलं. त्यांचे डोळे भरून आले. टोपी असती तर काढली असती.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी शिक्षणाधिकारी स्वतः आले. उंच, घाईत असलेले, हातात तो चौकोनवाला फॉर्म. त्यांनी पस्तीस टक्क्यांचा तक्ता पाहिला आणि हसले. "चार माणसांवरून काय ठरतं? चाचणी माझ्या अध्यक्षतेखाली तयार झालीय."

"मग बरंच झालं," निरीक्षक म्हणाले. इथे ते आपल्या मैदानावर होते. "आमच्या खात्यात खालचं वजन वरच्या वजनाने तपासतात. या चाचणीच्या वरचं वजन म्हणजे आपणच. आपण एकदा काट्यावर बसलात की माझी हरकत संपली. आपल्याला पूर्ण गुण पडले तर मी आत्ता या चौकोनात एकेचाळीस लिहून सही करतो."

निरीक्षकांची मुलगी दाराआडून ऐकत होती. तिचा चेहरा पांढरा पडला. निरीक्षकांनी तो पाहिला, पण शब्द गेला होता. अधिकाऱ्यांनी कोट काढून खुर्चीला लावला आणि पेपर मागितला.

तासाभराने बाईंनी पेपर तपासला आणि त्यांच्यापुढे ठेवला. चोवीस.

"हे चूक आहे," अधिकारी म्हणाले. "पाण्याचे उपयोग. 'पोहणे'ला गुण का नाही?"

"सूचीत नाही, साहेब."

"सूची कुणी केली?"

अधिकाऱ्यांनी सूचीच्या तळाशी पाहिलं. तिथे त्यांचीच सही होती. त्यांनी रागाने पेपर उलटला. मागे लाल शाईत लिहिलं होतं : 'चूक लगेच कळते. कबूल करायला वेळ लागतो, पण करतात. वेळ द्यावा.'

अधिकाऱ्यांनी मान वर केली. बाईंनी वह्यांचा गठ्ठा त्यांच्यासमोर सरकवला, घड्याळाकडे पाहिलं, "माझा पाचवीचा तास आहे," म्हणाल्या आणि निघून गेल्या. निरीक्षकही खिशातलं थांबघड्याळ दाबून मुलीला घेऊन व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. खिडकीतून दिसत होतं. अधिकारी आधी नुसतेच बसले. मग त्यांनी एक वही उघडली. मग दुसरी. एका वहीपाशी ते हसले, एकीपाशी त्यांनी चष्मा काढून पुसला. मग कोटातून पेन काढलं आणि फॉर्मवर वाकून लिहायला लागले.

ते गेल्यावर सगळे टेबलाकडे धावले. चौकोनावर आडवी रेघ होती आणि समासात लिहिलं होतं : 'एका आकड्यात मावत नाही. सोबतच्या वह्या वाचाव्यात. शाळा आहे तिथे चालू ठेवावी. चाचणी दुरुस्तीसाठी परत.' खाली सही. निरीक्षकांची मुलगी जी ओरडली ती चौदा मीटर वीस सेंटिमीटरच्या कितीतरी पलीकडे ऐकू गेली असेल, पण त्या वेळी टेप धरायचं कुणाला सुचलं नाही.

निरीक्षक धावत पाचवीच्या वर्गाच्या दाराशी गेले. बाई फळ्यावर अपूर्णांक लिहीत होत्या.

"बाई, झालं! सही केली त्यांनी!" निरीक्षक धापा टाकत म्हणाले. मग सवयीने खिशातलं थांबघड्याळ पुढे केलं. "तेवीस मिनिटं लागली."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि समाधानाने मान डोलावली.

"मी अर्धा तास धरला होता," त्या म्हणाल्या. "हुशार आहेत."